चौदा जागा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. लिफ्ट बंद पडली की लोक लिफ्टला शिव्या देतात, चालू झाली की घड्याळ बघत आत शिरतात, आणि ग्रीसने माखलेले हात पुसत जो माणूस जिन्यात उभा असतो त्याला ‘जरा सरका हो’ एवढंच म्हणतात. शेरा बावीस वर्षं असा सरकत आला होता. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सांगायचा. फारच वेळा सांगायचा, त्यामुळे त्याच्या बायकोचा त्यावर विश्वास नव्हता.

शेरा हे नाव शाळेतलं. प्रगतिपुस्तकात मास्तरांच्या शेऱ्यासाठी शेवटी एक ओळ रिकामी ठेवलेली असते. हा पोरगा मास्तरांच्या आधीच शेरा मारून मोकळा व्हायचा. फळ्यावरच्या अक्षरावर, दुसऱ्याच्या डब्यावर, हेडमास्तरांच्या चालण्यावर, कशावरही. बाकी त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. अभ्यासात मधला, खेळात राखीव, आणि दिसायला असा की वर्गाच्या फोटोत त्याची आईसुद्धा त्याला बोट फिरवत फिरवत शोधायची.

आणि हा नेमका मागच्या बाकावर जाऊन बसला तो अशा तिघांत, ज्यांना बघायला दुसऱ्या शाळेतली पोरं यायची. दगड्याला जन्मापासून दुखणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हात लावलेला कळायचा, पण सुई टोचा नाहीतर बोट दारात चेंगरू द्या, तो आपला तुमच्याकडे कुतूहलाने बघत राहणार. टेप नावाची मुलगी एकदा पाहिलेलं-ऐकलेलं काहीच विसरायची नाही. कुठलीही तारीख सांगा, त्या दिवशी कोण काय बोललं आणि बाईंच्या हातात कुठल्या रंगाचा खडू होता ते ती सांगायची. तिसरा बुड्या. तो पाण्याखाली चार मिनिटं राहायचा. एकोणिसाव्या वर्षी एकदा तो पाचव्या मिनिटालाही वर आला नाही. चौथा शेरा. लोक या तिघांकडे बघत असताना तिघांची दप्तरं सांभाळायची, हे त्याचं काम.

पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून वळून हे सगळं वहीत उतरवायची. ती पुढे लेखिका झाली. ‘मागच्या बाकावरचे’ अशी तिची मालिका निघाली. खिशात मावणारी पातळ पुस्तकं, मुखपृष्ठावर भडक चित्र, स्टेशनरीच्या दुकानात खोडरबरांच्या शेजारी टांगलेली. दोनेक वर्षांनी एक, अशी अकरा झाली. त्यांत दगड्या जळत्या घरातून माणसं बाहेर काढायचा, टेप नुसत्या आवाजावरून चोर ओळखायची, बुड्या तर अजूनही पोहत होता. आणि ही सगळी गोष्ट सांगणारा एक ‘मी’ होता. सामान्य, आळशी, प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारा, संकटात सगळ्यांच्या मागे आणि बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. वाचकांची सगळ्यांत जास्त पत्रं यायची ती त्या ‘मी’ला. लेखिका ती पिशवीत भरून शेराच्या घरी आणून द्यायची. तो म्हणायचा, यांना कळव, हा माणूस सध्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलाय. पण त्यातलं एकही पत्र त्याने कधी रद्दीत घातलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या अकरा पुस्तकांत कुठेच नव्हती.

ज्याला दुखत नाही त्याला काय झालंय तेही कळत नाही. जीभ चावली जाते, तळव्यात काच शिरते, हाड मोडतं, आणि माणूस चालत राहतो. म्हणून दगड्याची आई रोज संध्याकाळी त्याला दिव्याखाली उभं करून तपासायची. तिने चौदा जागा ठरवल्या होत्या. डोळे, कान, जीभ, हिरड्या, मान, खांदे, कोपरं, बोटं, पाठ, पोट, गुडघे, घोटे, तळवे. आणि चौदावी काख, थर्मामीटर लावायला. पोट नुसतं बघायचं नाही, चारी बाजूंनी दाबायचं, कारण आतलं काही बिघडलं तर ते तिथेच हाताला लागेल, असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. शाळेची सहल निघाली तेव्हा तिला बरोबर जाता येईना. वर्गातली हुशार मुलं सोडून तिने शेराला घरी बोलावलं आणि म्हणाली, “तुला सगळ्यात खोट दिसते अशी तक्रार आहे मास्तरांची. मग याच्यातली शोधत जा.” त्या वेळी तो तेरा वर्षांचा होता. पुढे ती माउली थकली, मग गेली, आणि काम त्याच्याकडेच राहिलं.

दगड्याची खोली शेराच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, एका छापखान्याच्या वर होती. एक पलंग, एक खुर्ची, आणि खालच्या यंत्रांमुळे दिवसभर थरथरणारी एक खिडकी. टेबलाच्या कोपऱ्यांना आणि दाराच्या कडेला शेराने फोम चिकटवून दिला होता. संध्याकाळी सात वाजता तो बायकोने दिलेला दगड्याचा डबा घेऊन वर यायचा, दगड्या शर्ट काढून खुर्चीत बसायचा आणि बारा मिनिटांत चौदा जागा व्हायच्या. बाराही मिनिटं शेराचं तोंड चालू. कान बघताना म्हणायचा, मधे अडवायला काहीच नसल्यामुळे या बाजूचा उजेड त्या बाजूला दिसतोय. तळवे बघताना म्हणायचा, एवढ्या भेगा आमच्या इमारतीला असत्या तर पाडली असती. दगड्या खदखदून हसायचा. टिंगल करायची तर माणूस नीट बघावा लागतो, आणि शेरा नीट बघायचा. अठ्ठावीस वर्षांत त्याने तीन मोडलेली हाडं, दोन पिकलेल्या दाढा आणि टाचेतला एक खिळा शोधून काढला होता. तो परगावी गेला तर टेप येऊन तपासून जायची. तिला जागा लिहून द्याव्या लागल्या नव्हत्या.

एका वर्षी दगड्या बेकरीत लागला होता. तिथला मालक त्याच्यावर भारी खूश, कारण तो तापलेले पत्रे नुसत्या हाताने ओढायचा. पुस्तक लिहिणारीला ते ऐकून एक प्रकरण सुचलं. शेराला त्याच्या बोटांवरचे फोड दिसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बेकरीत जाऊन मालकाला असं काही सुनावलं की दगड्याची नोकरी तिथेच सुटली. मग आपल्याच कंपनीच्या गोदामात त्याने त्याला सुटे भाग मोजायला लावून दिलं. पुस्तकात दगड्या पेटलेल्या बेकरीतून मालकाला खांद्यावर घालून बाहेर येतो आणि ‘मी’ बाहेर उभा राहून पाव करपल्याची तक्रार करतो. ते पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं.

बारावं पुस्तक शेवटचं होतं. त्यात लेखिकेने पहिल्यांदा तपासणी लिहिली. अकरा वेळा मी सोयीचं तेवढंच लिहिलं, आता एकदा तरी खरं लिहू दे, असं ती शेराला म्हणाली होती, आणि तिच्या मनात खोट नव्हती. वाचकांनी ते प्रकरण डोक्यावर घेतलं. वाचनालयाच्या सभागृहात एका रविवारी पुस्तकाचा कार्यक्रम ठरला आणि वाचनालयवाल्यांनी गळ घातली की या दोघांनी ती तपासणी स्टेजवर करून दाखवावी. शेरा तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याने बायकोला विचारलं की आपला निळा शर्ट इस्त्रीचा आहे का.

त्या दुपारी स्टेजमागच्या खोलीत दगड्या म्हणाला, आज जेवण अर्धंच गेलं. भूक कमी झाली की सांगायचं, हा त्याच्या आईने घालून दिलेला नियम होता, आणि तो त्याने पाळला. शेरा पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होता. दोनशे खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे लोक उभे होते. “घाबरलास तू,” तो म्हणाला. “मला तर सकाळपासून पाणीही जात नाहीये.” पुढच्या रांगेत टेप बसली होती. नगरपालिकेच्या दाखल्यांच्या खिडकीवर आठवडाभर बसून तिची पाठ गेली होती, तरी ती वेळेच्या आधी येऊन बसली होती.

स्टेजवर सगळ्यांसमोर शर्ट काढायचा दगड्याला संकोच वाटला, म्हणून नवा शर्ट तसाच राहिला, पँटीत खोचलेला, वर पट्टा. शेराने माइक कॉलरला लावला आणि डोळ्यांपासून सुरुवात केली. पहिल्या वाक्याला लोक हसले. तिसऱ्या वाक्याला टाळ्या पडल्या. शेराच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. त्याने आवाज चढवला, वाक्यांमधले विराम लांबवले, दगड्याच्या जिभेवर बोलला, हिरड्यांवर बोलला, कोपरांवर बोलला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की दोनशे माणसं दगड्याकडे बघतच नाहीयेत. ती शेराकडे बघत होती. हे सुख त्याला माहीत नव्हतं.

पाठ झाली. पोट आलं. शेराने दगड्याच्या पोटाशी हात नेला, मधेच थांबवला आणि लोकांकडे वळला.

“हे पोट,” तो म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं माझ्या घरचे डबे इथे गडप होतायत. बायको विचारते, तू तपासायला जातोस की वाढायला? नियमाप्रमाणे हे दाबायला पाहिजे. पण दाबलं आणि सगळे डबे एकदम बाहेर आले, तर दोनशे माणसांसमोर बायकोच्या हाताची चव चव्हाट्यावर येईल. राहू दे. घरात मला अजून राहायचंय.”

सभागृहात हशा कोसळला. मागे उभे असलेले लोक भिंतींना टेकून हसत होते. शेराची बायको तोंडावर हात ठेवून हसत होती, लेखिकेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसू ओसरेपर्यंत शेरा थांबला आणि ओसरता ओसरता गुडघ्यांवर गेला. थर्मामीटर घरीच राहिला होता. असता तरी तो लावून तीन मिनिटं गप्प बसणं त्या वेळी त्याला जमलं नसतं. ताप आहे, पण फक्त प्रसिद्धीचा, असं म्हणून त्याने हात जोडले आणि लोक उठून उभे राहिले.

नंतर सह्या घ्यायला रांग लागली. शेराकडे लागली, आणि त्याची सही रेशनकार्डावरच्यासारखी यायला लागली म्हणून त्याने तिच्याखाली एक रेघ ओढायला सुरुवात केली. निघताना त्याच्या मनात येऊन गेलं की दगड्याच्या खोलीवर जाऊन एकदा नीट बघून घ्यावं. दगड्या म्हणाला, झाली की आज, दोनशे साक्षीदार आहेत. दोघेही हसले आणि आपापल्या घरी गेले.

सोमवारी शेरा सात वाजता वर गेला तेव्हा दगड्या पलंगावर पडलेला होता. संध्याकाळी तो कधी पडत नसे. दुपारपासून पाय जड झालेत, एवढंच त्याने सांगितलं. शेराने कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. मग चौदा जागांचा क्रम सोडून त्याने आधी शर्ट वर केला आणि पोट दाबलं. ते फळीसारखं कडक होतं. दगड्या त्याच्या तोंडाकडे बघत होता, कारण आपल्याला काय झालंय ते त्याला नेहमी तिथूनच कळायचं. त्या दिवशी शेरा काही बोलला नाही. तेव्हा दगड्याला कळलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, कुठे दुखतंय. दगड्याने मान वळवून शेराकडे पाहिलं. शेराने सगळं सांगितलं. आजार काय, वय काय, पोट कडक कधी लागलं, भूक कधी कमी झाली. काल, तो म्हणाला, काल दुपारी. डॉक्टरने कागदावर ते लिहिलं. ऑपरेशन झाल्यावर मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अपेंडिक्स फुटून दिवस उलटला होता आणि विष पोटभर पसरलं होतं. काल आणलं असतं तर साधं काम होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. शेरा जिन्याच्या पायरीवर बसला. एक माणूस वरून उतरत आला आणि म्हणाला, जरा सरका हो.

मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी दगड्याला नीट शुद्ध आली. नाकात नळी, हातात नळी, आणि चेहरा मात्र शांत, कारण वेदना नव्हतीच. नर्स दुसऱ्या रोग्यांना सांगायची की बघा हे गृहस्थ कसे सोसतात. पलंगाच्या एका बाजूला टेप बसली होती, दुसऱ्या बाजूला शेरा. दोन दिवस टाळलेलं वाक्य शेराने शेवटी बोलून टाकलं.

“पोट राहिलं होतं माझ्याकडून,” तो म्हणाला. “स्टेजवर.”

“माहीत आहे,” दगड्या म्हणाला. “हात लागला की नाही ते कळतं मला. तेवढं तरी कळतं.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

 दगड्याला दम लागत होता.

“लोक हसत होते ना. लहानपणापासून माणसं मला बघायला येतात. डॉक्टर येतात, पोरं घेऊन येतात, टाचण्या घेऊन येतात. तू आपला पिशवी धरून उभा. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे तुझ्याकडे बघत होते. इतका छान दिसत होतास तू. म्हटलं, कशाला मोडता घालायचा? उद्या दाबेल.”

शेराने त्याचा हात धरला आणि तो रडला. मोठ्याने रडला, शेजारच्या पलंगावरचे लोक बघायला लागले इतका. दगड्या त्याच्याकडे बघत राहिला, लहानपणी सुई टोचल्यावर बघायचा तसा. संध्याकाळी सात वाजता शेराने डोळे पुसले आणि नळ्या चुकवत चुकवत होतील तेवढ्या जागा तपासल्या. तोंडाने एक शब्द नाही. दगड्या म्हणाला, “अरे, बोल की काहीतरी.” शेरा तळव्यांवरच्या भेगा बघत राहिला.

शुक्रवारी सकाळी दगड्या गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना काही त्रास झाला नाही. आयुष्यभर सगळे हेच म्हणत आले होते.

लेखिका दोनदा घरी येऊन गेली. आपणच ते स्टेजवर करायला लावलं, असं म्हणत राहिली. शेराने तिला थांबवलंही नाही आणि तो तिच्यावर रागावलाही नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढू नये असं तिला वाटत होतं. त्यावर तो म्हणाला, तुला हवं ते कर. रोज सात वाजले की बायको डबे भरताना एक जास्तीचा काढायची आणि मग परत फळीवर ठेवायची. तो ते बघायचा आणि हात धुवायला उठायचा, हात स्वच्छ असले तरी.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या ऑफिसने गोदामातल्या नोंदीसाठी दगड्याच्या मृत्यूचा दाखला मागितला. जवळचं असं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शेरा गेला. नगरपालिकेच्या खिडकीमागे टेप बसली होती. रांगेत त्याच्या पुढे चार माणसं होती आणि मागे सहा. त्याचा नंबर आला तेव्हा तिने काही न विचारता अर्ज ओढून घेतला आणि भरायला लागली. जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, दाखल केल्याची वेळ, सगळं तिने न थांबता लिहिलं. मरणाच्या कारणापाशी इस्पितळाचा कागद समोर ठेवून त्यातले शब्द उतरवले, शिक्का मारला आणि दाखला खिडकीच्या फटीतून पुढे सरकवला. शेराने तो उचलला नाही.

“टेप,” तो म्हणाला, “तुला तर सगळं आठवतं. तपासणीही तू केलेली आहेस. मी पोट दाबलं नाही, हे तुझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं का?”

ती खिडकीच्या काचेकडे बघत होती.

“आलं होतं.”

“मग?”

“मी हसत होते, शेरा,” ती म्हणाली. “अजूनही आठवलं की आधी हसूच येतं. तुझा हात, तुझं ते थांबणं, ते डबे. पोट धरून हसते मी. मग बाकीचं आठवतं. रोज आठवतं, आणि रोज याच क्रमाने.”

तिने शिक्का पुन्हा शाईच्या डबीवर ठेवला. मागच्या माणसाने विचारलं, अजून किती वेळ लागेल. शेराने दाखल्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो बाजूला झाला.